नदीचे मूळ, माणसाचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगतात. या म्हणीतले शहाणपण आम्ही नाकारीत नाही. डोंगरातल्या दगडाखालून पाझरणारे ओंजळभर पाणी पाहून महानदीचे दर्शन घडत नाही, आणि संताच्या घराण्याची चौकशी केल्याने त्याचे संतपण वाढतही नाही वा घटतही नाही. तरीदेखील माणसाला आपल्या कुळाची ओढ असते ती असतेच. आपण कोणाचे, कुठून आलो, आपल्याआधी या घरात दिवा कोणी लावला, हे जाणून घ्यावेसे प्रत्येकाला केव्हातरी वाटते.

पवित्र शास्त्रात या बाबतीत दोन वाटा दिसतात. संत मत्तयाने शुभवर्तमान लिहायला घेतले तेव्हा आरंभच केला तो वंशावळीने. अब्राहामापासून प्रभू येशूपर्यंत तीन वेळा चौदा पिढ्या त्याने मांडल्या, आणि पुरुषांच्या त्या लांबलचक यादीत तामार, राहाब, रूथ व उरीयाची पत्नी या चार स्त्रियांना आवर्जून जागा दिली. याउलट उत्पत्तीच्या पुस्तकातला मलकीसदेक पाहावा. तो अवचित येतो, अब्राहामाला आशीर्वाद देतो आणि दिसेनासा होतो. त्याच्या आईबापांचे नाव नाही, जन्माची वा मरणाची वार्ता नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या कर्त्याला या मौनातच मोठा अर्थ दिसला.

वंशावळ असलेली माणसे आणि वंशावळ नसलेली माणसे इतिहासातही भेटतात. अमेरिकेतील मिझुरी नदीच्या काठी, सेंट चार्ल्स नावाच्या गावाच्या परिसरात, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अशी दोन माणसे एकाच वेळी राहत होती. दोघेही सीमाप्रदेशात आधी पाऊल टाकणाऱ्यांपैकी. दोघेही म्हातारपणी नव्या मुलुखात आलेले. एक १८१८ साली वारला, दुसरा १८२० साली. एकाचे कूळ आज पोथीसारखे उलगडून वाचता येते. दुसऱ्याच्या बापाचे नावही कोणाला सांगता येत नाही. या दुसऱ्याविषयी आम्हांला लिहायचे आहे. परंतु पहिल्याची हकिगत थोडक्यात सांगितल्याशिवाय दुसऱ्याचे दैव नीट कळणार नाही.

पहिला म्हणजे डॅनियल बून. पूर्व किनाऱ्यावरील वसाहतींच्या मागे उभी असलेली अपालाचियन पर्वतराजी ओलांडून १७७५ साली त्याने केंटकीच्या अरण्यात वाट पाडली. त्याचे आजोबा जॉर्ज बून हे इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यातील ब्रॅडनिंच गावचे विणकर. क्वेकर पंथाचा हा गृहस्थ १७१७ मध्ये कुटुंबासह पेनसिल्व्हेनियात आला. त्याचा मुलगा स्क्वायर याने १७२० मध्ये सारा मॉर्गन हिच्याशी विवाह केला. त्यांच्या अकरा मुलांतला सहावा डॅनियल, जन्म १७३४. क्वेकर मंडळी आपल्या सभांचे वृत्तांत कसोशीने लिहून ठेवीत. कोणाचे लग्न झाले, कोण गाव सोडून गेला, कोणाच्या मुलाने पंथाबाहेर सोयरीक केली आणि त्याबद्दल बापाला कसा जाब विचारला गेला, हे सगळे त्यांच्या वह्यांत आहे. बून घराण्यावर असा प्रसंग आला होता, आणि त्याचीही नोंद राहिली.

पुढे १८५१ साली लायमन ड्रेपर नावाचा एक चिकाटीचा संग्राहक मिझुरीत गेला आणि बूनचा धाकटा मुलगा नेथन व त्याची पत्नी ऑलिव्ह यांच्यासमोर वही उघडून बसला. आजोबा, मामा, मेहुणे, कोणत्या लढाईत कोणता भाऊ पडला, सारे त्याने विचारून लिहून घेतले. ड्रेपरचा संग्रह आज विस्कॉन्सिन राज्याच्या इतिहास संस्थेत आहे; त्याचे सुमारे पाचशे खंड होतात. ज्याच्या कुटुंबाला लिहिणारा पंथ आणि विचारणारा पाहुणा असे दोन्ही लाभतात, त्याचे कूळ हरवत नाही.

दुसऱ्या माणसाचे नाव जाँ बाप्तिस्त प्वाँ द्यू साब्ल. आज ज्या ठिकाणी शिकागो हे महानगर उभे आहे, तेथे मूळ रहिवाशांखेरीज कायमचे घर करून राहिलेला पहिला ज्ञात माणूस तो हाच. तो कृष्णवर्णीय होता, स्वतंत्र होता, फ्रेंच बोलणारा व्यापारी होता आणि कॅथलिक होता. त्याच्याविषयी एवढे निश्चित सांगता येते. तो कोठे जन्मला, केव्हा जन्मला, त्याची आई कोण, बाप कोण, यांतले काहीही निश्चित सांगता येत नाही.

त्या भूमीची ओळख आधी करून घेऊ. शिकागो नदी मिशिगन सरोवराला मिळते तेथून थोड्या अंतरावर एक अशी जागा आहे, जेथे होडी खांद्यावर घेऊन थोडी वाट पायी चालले की दुसऱ्या प्रवाहात उतरता येते आणि तो प्रवाह माणसाला थेट मिसिसिपी नदीपर्यंत नेतो. मूळ रहिवाशांना ही वाट पूर्वापार ठाऊक होती. येशूसंघीय धर्मगुरू जाक मार्केत आणि त्यांचा सहप्रवासी लुई जोलिए १६७३ मध्ये या वाटेने गेले. फादर मार्केत यांनी १६७४-७५ चा कडक हिवाळा येथेच आजारी अवस्थेत काढला. १६९६ मध्ये येथे येशूसंघीयांचे एक मिशनही निघाले, पण ते फार दिवस टिकले नाही. शंभर वर्षे माणसे येत होती आणि जात होती. राहिला तो द्यू साब्ल.

कागदपत्रांत तो प्रथम ठळकपणे दिसतो तो कैदी म्हणून. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. १७७९ च्या ऑगस्टमध्ये सरोवराच्या दक्षिण टोकाशी इंग्रज शिपायांनी त्याला पकडले. तो शत्रूला सामील असावा असा त्यांचा संशय होता. त्याला उत्तरेकडील मिशिलिमॅकिनॅक येथील ठाण्यावर नेण्यात आले. त्याच्याविषयी पाठवलेल्या अहवालात लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच्या वर्तनाबद्दल तक्रार केली नाही. उलट त्याचे पुष्कळ मित्र आहेत आणि ते त्याची चांगली साक्ष देतात, असे कळवले. त्या ठाण्याचा प्रमुख द पेस्टर याने पुढे १८१३ साली एक पुस्तक छापले. त्यातल्या एका तळटीपेत त्याने द्यू साब्लचे वर्णन देखणा, सुशिक्षित, शिकागोचा रहिवासी, पण फ्रेंचांच्या बाजूचा असे केले आहे. कैदेनंतर काही वर्षे त्याने सेंट क्लेअर नदीकाठच्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहिली. शत्रूनेच त्याच्या हाती कारभार द्यावा, यावरून त्याच्या सचोटीची कल्पना यावी.

१७९० च्या मे महिन्यात ह्यू हेवर्ड नावाचा प्रवासी शिकागोला त्याच्या घरी थांबला. आपली होडी देऊन त्याने द्यू साब्लकडून दुसरी घेतली आणि पीठ, पाव व डुकराचे मांस विकत घेतले. प्रवाशाची ही साधी टिपणी आम्हांला मोठी बोलकी वाटते. चहूकडे शेकडो मैल अरण्य आणि गवताळ माळ. अशा ठिकाणी जो माणूस परक्याला पाव विकू शकतो त्याच्याकडे शेत आहे, चक्की आहे, भट्टी आहे आणि ते सांभाळणारे घर आहे.

त्या घराची यादीच उपलब्ध आहे. १८०० च्या मे महिन्यात द्यू साब्लने आपली सारी मालमत्ता जाँ लालीम नावाच्या माणसाला ६,००० लिव्हर किमतीला विकली. विक्रीचा तो कागद पुढे विसाव्या शतकात डेट्रॉइटच्या दप्तरखान्यात सापडला. त्यात ४० फूट लांब व २२ फूट रुंद असे लाकडी घर आहे. दोन कोठारे, घोड्याने फिरवायची चक्की, पावाची भट्टी, दुभत्याची खोली, कोंबड्यांचे खुराडे आणि मांस धुरावर टिकवण्याची खोपी आहे. ३० गुरे, ३८ डुकरे, ४४ कोंबड्या आहेत. घरात चांगले लाकडी सामान होते, भिंतींवर चित्रेदेखील होती. जंगलात तात्पुरती झोपडी ठोकून कातड्यांचा व्यापार करणाऱ्याचा हा पसारा नव्हे. येथे आपल्या मुलानातवंडांनी नांदावे, असे वाटणाऱ्या माणसाचा हा संसार होता.

संसार म्हटला की गृहिणी आली. द्यू साब्लची पत्नी पोटावाटोमी या मूळ रहिवासी जमातीची होती. इतिहासात तिचे नाव किटिहावा असे रूढ आहे; तिचे ख्रिस्ती नाव कॅथरिन. त्या दोघांनी बहुधा जमातीच्या रीतीप्रमाणे आधीच संसार मांडला असावा. परंतु २७ ऑक्टोबर १७८८ रोजी ती दोघे मिसिसिपीकाठच्या काहोकिया या फ्रेंच गावी आली आणि तेथील धर्मगुरूंपुढे त्यांचा विवाहसंस्कार झाला. काहोकियाचा पवित्र कुटुंबाचा धर्मग्राम १६९९ मध्ये क्वेबेकहून आलेल्या धर्मगुरूंनी स्थापन केलेला. शिकागोहून तो शेकडो मैल दूर. वाट नदीची, होडीची. त्यांची मुले तेव्हा लहान राहिली नव्हती, कारण दोनच वर्षांनी, १७९० मध्ये, मुलगी सुझान हिचा विवाह जाँ बाप्तिस्त पेलेतिए याच्याशी काहोकियातच झाला. मुलाचे नाव बापाचेच, जाँ. सुझानची मुलगी युलाली १७९६ साली शिकागोला जन्मली आणि १७९९ मध्ये सेंट लुईस येथे तिला स्नानसंस्कार मिळाला. ती तेव्हा तीन वर्षांची होती. तीन वर्षे तिच्या आईबापांनी धर्मगुरूची वाट पाहिली असेल किंवा प्रवासाची संधी शोधली असेल. शेवटी ते तिला घेऊन निघालेच.

द्यू साब्लच्या तीन पिढ्या आपल्याला ठाऊक आहेत त्या प्रामुख्याने या नोंदींमुळे. सरकारी खानेसुमारी तेथे नव्हती, न्यायालय नव्हते, वर्तमानपत्र नव्हते. होती ती धर्मग्रामाची नोंदवही. या वह्या ख्रिस्तसभेने सुरू केल्या त्याला मोठा इतिहास आहे. त्रेंतच्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी विवाहाविषयी जे फर्मान काढले, त्यात प्रत्येक धर्मगुरूने वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस आणि स्थळ वहीत लिहून ती वही जपावी, अशी आज्ञा होती. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह व मृत्यू यांच्या नोंदींचे नमुनेच घालून दिले. चोरून झालेली लग्ने आणि त्यांतून स्त्रियांवर होणारा अन्याय थांबावा, हा त्या आज्ञेचा मुख्य हेतू. वंशावळी जुळवणाऱ्यांची सोय तिच्या कर्त्यांच्या ध्यानीमनीही नसावी. पण एकच आज्ञा क्वेबेक, काहोकिया आणि आपली वसई अशा दूरदूरच्या धर्मग्रामांत पोचली, आणि म्हणून अरण्यातल्या एका बालिकेचे नाव आज दोनशेहून अधिक वर्षांनी आपल्याला वाचता येते.

आता येथे एक अडचण उभी राहते, आणि ती आपल्या वाचकांना फार परकी वाटणार नाही. जाँ बाप्तिस्त म्हणजे योहान बाप्तिस्ता. फ्रेंच कॅनडात याहून प्रचलित नाव सापडणे कठीण. वर पाहिले तसे जावयाचेही नाव तेच. प्वाँ द्यू साब्ल याचा अर्थ वाळूचे टोक. हे बापाकडून आलेले आडनाव, की राहत्या जागेवरून लोकांनी पाडलेले नाव? इंग्रज, फ्रेंच आणि अमेरिकन कारकुनांनी ते प्रत्येक वेळी निराळे लिहिले. आपल्या गावांतही एका नावाचे पाच-सहा जण असतात आणि घराला पडलेल्या टोपणनावावरूनच कोण कोणाचा हे कळते. वसईकडील आपल्या घराण्यांची आडनावे पोर्तुगीज अमदानीत स्नानसंस्काराबरोबर आली. म्हणून कुळाचा माग काढणारा आपला माणूस मागे मागे जात त्या पहिल्या स्नानसंस्काराशी पोचतो, आणि तेथे भिंत लागते. भिंतीपलीकडचे पूर्वज आपलेच असतात, पण त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. द्यू साब्लच्या कुळाचा शोध घेणारेही अशाच एका भिंतीशी येऊन थांबले आहेत.

थांबले म्हणजे गप्प बसले असे मात्र नाही. द्यू साब्लचे घर पुढे १८०४ मध्ये जॉन किंझी या व्यापाऱ्याकडे गेले आणि बराच काळ शिकागोचा पहिला वसाहतकार म्हणून किंझीचेच नाव घेतले जाई. त्याच्या सुनेने, ज्युलिएट किंझी हिने, १८५६ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत द्यू साब्लचा ओझरता उल्लेख करून तो सांतो दोमिंगो बेटाचा, म्हणजे आजच्या हैतीकडचा, असे तिने लिहिले. तिने त्याला पाहिले नव्हते. ऐकीव गोष्ट लिहिली. १८५७ मध्ये वर सांगितलेल्या ड्रेपरनेच ऑगस्टिन ग्रिन्यॉन या वृद्ध फ्रेंच व्यापाऱ्याच्या आठवणी उतरवून घेतल्या. ग्रिन्यॉनचा भाऊ १७९४ च्या सुमारास शिकागोला गेला होता. त्याने सांगितलेले ग्रिन्यॉनला आठवत होते, की द्यू साब्ल थोराड बांध्याचा, चांगला सधन व्यापारी होता. ड्रेपरने बूनच्या मुलाला विचारले तसे द्यू साब्लच्या मुलीला वा नातीला मात्र कोणी विचारले नाही.

विसाव्या शतकात शोधाला जोर आला. इतिहासकार मायलो क्वेफ यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात त्याचा संबंध कॅनडातील दाँदोनो या घराण्याशी जोडून पाहिला, कारण त्या घराण्याच्या एका शाखेला द्यू साब्ले असे नाव होते. तर्क हुशारीचा होता, पण मधला दुवा कोणाला सापडला नाही. १९५१ मध्ये हैतीच्या जोसेफ जेरेमी यांनी एक पुस्तिका काढली. आपण द्यू साब्लचे पणतू असल्याचे सांगून त्यांनी त्याचा जन्म हैतीतील सेंट मार्क येथे झाला, फ्रान्समध्ये त्याचे शिक्षण झाले, असे सविस्तर लिहिले. आधार होता घरातल्या आठवणींचा, कागद नव्हता. १९५३ मध्ये शर्ली ग्रॅहम यांनी या साऱ्यांतून एक कादंबरी रचली. कादंबरीला कल्पनेचे स्वातंत्र्य असतेच. परंतु वाचकांनी तिच्यातले प्रसंग आणि जन्मसाल चरित्र म्हणून स्वीकारले आणि ते पुढे पुष्कळ ठिकाणी छापले गेले.

या शोधकांना हसावे असे आम्हांला वाटत नाही. प्रत्येकाला आपल्या माणसाची गरज होती. हैतीला आपला पुत्र हवा होता, कॅनडाच्या अभ्यासकाला आपल्या वह्यांतले नाव जुळायला हवे होते, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाला, ज्याचे असंख्य पूर्वज गुलामांच्या जहाजांत नावाविना वाहून आणले गेले, त्याला एका महानगराच्या पायाशी आपला एक पूर्वज उभा असलेला पाहायचा होता. ही तहान खरी आहे. मात्र तहान खरी असली म्हणून प्रत्येक वाटीतले पाणी खरे ठरत नाही. कुळाच्या शोधात प्रेमाइतकेच सत्यही पाळावे लागते. नाहीतर आपण पूर्वजाला शोधत नसून आपल्या सोयीचा पूर्वज घडवीत असतो.

या शोधात एका पक्षाला फारच थोड्यांनी विचारले. किटिहावाचे कूळ तर त्या भूमीतलेच होते. द्यू साब्लला तेथे घर करता आले, शेत करता आले, ते तिच्या माणसांनी त्याला जावई म्हणून सामावून घेतले म्हणून. ज्याला आपण वसाहतीचा सीमाप्रदेश म्हणतो, ते तिचे माहेर होते. १८३३ च्या शिकागो कराराने पोटावाटोमी व त्यांच्या सोबतच्या जमातींना सुमारे ५० लाख एकर जमीन सोडून द्यावी लागली आणि पुढच्या काही वर्षांत त्यांना मिसिसिपीपलीकडे घालवून देण्यात आले. पहिल्या वसाहतकाराची वंशावळ लिहिताना त्याच्या सासरची ही हकिगत गाळली, तर ती वंशावळ अर्धीच राहते. मत्तयाने परदेशी रूथला यादीत जागा दिली, ती याच कारणाने असावी, असे आम्हांला वाटते.

आता शेवटाकडे वळू. सारे विकून द्यू साब्ल सेंट चार्ल्सला आला. तो मुलूख तेव्हा स्पॅनिश अमलाखाली होता. मिझुरी नदीवर उतारूंना पलीकडे पोचवणारी तर चालवण्याचा परवाना त्याला मिळाला. ज्याच्या दारी एके काळी प्रवासी पाव विकत घ्यायला थांबत, तो आता प्रवाशांना नदी ओलांडून देऊ लागला. हळूहळू संपत्ती सरली. १८१३ साली त्याने आपले घर व जागा युलाली नावाच्या एका विवाहित स्त्रीच्या नावे करून दिली. त्याच्या अटी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. म्हातारपणी तिने त्याचा सांभाळ करावा, आणि मृत्यूनंतर सेंट चार्ल्सच्या कॅथलिक दफनभूमीत त्याला मूठमाती द्यावी. ही युलाली म्हणजे १७९९ मध्ये स्नानसंस्कार झालेली ती नातच, असे काही अभ्यासक मानतात. पहिले नाव जुळते, माहेरचे आडनाव जुळत नाही. त्यामुळे हा दुवाही अधांतरी राहतो.

२८ ऑगस्ट १८१८ रोजी द्यू साब्ल वारला. अट पाळली गेली. सेंट चार्ल्स बोरोमेओ धर्मग्रामाच्या मृत्यूच्या नोंदवहीत त्याची नोंद आहे. तिच्यात त्याच्या जन्मस्थानाचा उल्लेख नाही, आईबापांची नावे नाहीत, पत्नीचे नाव नाही, मुलांचे नाही. त्याच्याविषयी सांगितले आहे ते एका शब्दात. तो फ्रेंच शब्द आहे ‘नेग्र’, म्हणजे काळा माणूस.

धर्मगुरू म्हणून आम्हांला या नोंदीपाशी थांबावेसे वाटते. लिहिणाऱ्या धर्मगुरूवर दोषारोप करण्याचा अधिकार आम्हांला नाही. तो कदाचित घाईत असेल. मृताजवळचे कोणी माहिती सांगायला आले नसेल. त्या काळी गुलामांच्या नोंदींत आईबापांच्या जागी मालकाचे नाव लिहिण्याची रीत होती आणि कातडीचा रंग लिहिला की ओळख पुरी झाली, असे सगळ्यांनाच वाटत असेल. पण परिणाम पाहावा. तीस वर्षांपूर्वी त्याच माणसाला काहोकियाच्या वहीत पती म्हणून जागा मिळाली होती. आता तो केवळ एक वर्ण होऊन राहिला. दोन ओळी अधिक लिहिल्या असत्या, त्याच्याबरोबर राहणाऱ्या कोणाला दोन प्रश्न विचारले असते, तर इतक्या लोकांची इतकी वर्षे वाचली असती आणि एका माणसाला त्याचे आईबाप परत मिळाले असते.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच फ्रान्सहून आलेल्या मदर रोझ फिलिपीन द्यूशेन सेंट चार्ल्सला पोचल्या आणि त्यांनी तेथे शाळा उघडली. त्यांना १९८८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी संत म्हणून घोषित केले. त्यांना तेथे नेणारे बिशप लुई विल्यम द्युबूर हे स्वतः सांतो दोमिंगो बेटावर १७६६ साली जन्मलेले. ज्या बेटावर द्यू साब्लचा जन्म झाला असे काहीजण म्हणतात, त्याच बेटावरच्या या गौरवर्णीय मुलाचे गाव आणि साल आपल्याला ठाऊक आहे. बेट एकच असेलही. पण लेखणी तेथे सर्वांकडे सारख्या नजरेने पाहत नव्हती.

नोंद हरवली तशी कबरही हरवली. सेंट चार्ल्सची दफनभूमी एकोणिसाव्या शतकात दोनदा हलवण्यात आली. द्यू साब्लच्या अस्थीही नव्या जागी नेल्या असतील अशा समजुतीने १९६८ मध्ये तिसऱ्या दफनभूमीत एक ग्रॅनाइटची शिळा उभारण्यात आली. २००२ मध्ये संशोधकांनी तेथे उपकरणांनी पाहणी केली आणि उत्खननही केले. त्या जागी दफनाची कोणतीही खूण मिळाली नाही. बहुधा तो जुन्याच मातीत राहिला. गंमत अशी, की सुस्पष्ट वंशावळ असलेल्या बूनच्याही अस्थींविषयी वाद आहेच. १८४५ मध्ये त्याची कबर उकरून अस्थी केंटकीत नेण्यात आल्या. नेल्या त्या दुसऱ्याच कोणाच्या, असे मिझुरीतले लोक सांगत आले आहेत. माती शेवटी दोघांनाही सारखीच वागवते. फरक पडतो तो कागदावर.

द्यू साब्लला मान मिळाला तो उशिरा. १९६८ मध्ये शिकागोचा संस्थापक म्हणून त्याला अधिकृत मान्यता मिळाली. १९८७ मध्ये त्याच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, आणि २०२१ मध्ये शिकागोच्या सरोवरकाठच्या प्रसिद्ध रस्त्याला त्याचे नाव देण्यात आले. तिकिटावरचे आणि पुतळ्यावरचे तोंड कल्पनेतले आहे, कारण त्याचे जिवंतपणी काढलेले चित्र कोणापाशी नाही.

वाचकहो, एवढ्या दूरच्या माणसाची कहाणी आम्ही आपल्यापुढे मांडली ती केवळ नवल म्हणून नव्हे. धर्मग्रामाच्या कार्यालयात दाखला घ्यायला येणाऱ्यांची गर्दी आपण पाहता. शाळेसाठी, पासपोर्टासाठी, परदेशातल्या नागरिकत्वासाठी आजोबा-पणजोबांची नोंद शोधावी लागते. नाव सापडले की चेहरा उजळतो. नाही सापडले की माणूस वही पुन्हा एकदा पाहा म्हणून विनवतो. तेव्हा कळते, की वहीत शाई घातली जाते त्या क्षणी कोणा न जन्मलेल्या माणसाशी आपण बोलत असतो. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ५३५ वे कलम प्रत्येक धर्मग्रामाला स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या नीट ठेवायला सांगते. कारकुनी काम म्हणून आम्ही धर्मगुरू कधी कधी त्याचा कंटाळा करतो. वस्तुतः ते दयाकृत्यांच्या रांगेत बसणारे काम आहे. मृतांना मूठमाती देणे हे जसे दयेचे कृत्य, तसेच मृताचे नाव नीट लिहिणे हेही.

ही जबाबदारी एकट्या धर्मगुरूंची नाही. बूनचे कूळ टिकले ते कोणीतरी त्याच्या म्हाताऱ्या मुलासमोर बसून विचारले म्हणून. आपल्या घरांत आजी आहेत, आजोबा आहेत. कोणत्या विहिरीपाशी पहिले घर होते, गावात आपले लोक कुठून आले, कोण साथीत गेले, कोण कामधंद्यासाठी मुंबईला गेले आणि परतले नाही, हे त्यांना ठाऊक आहे. एका सणाच्या दुपारी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. बापाकडचे लिहाल तसे आईकडचेही लिहावे. सुनांची माहेरची नावे लिहावीत. जे ठाऊक नाही तेथे जागा कोरी सोडावी, कल्पनेने भरू नये. घरात राबलेला गडी, पोटच्या मुलासारखी वाढवलेली अनाथ मुलगी, यांनाही त्या वहीत जागा असावी आणि त्यांची ओळख जातीने वा रंगाने न देता नावाने द्यावी.

शिकागो नदी मूळची मिशिगन सरोवराला मिळत असे. १९०० साली माणसांनी कालवा खणून तिचा प्रवाह उलटा फिरवला. माणूस नदीला मागे वळवू शकला. द्यू साब्लच्या आईबापांपर्यंत मात्र त्याला मागे जाता आलेले नाही. त्यांची नावे देवाला ठाऊक आहेत, आणि जीवनाच्या पुस्तकात कोणाच्या नावापुढे वर्णाचा रकाना नसतो, अशी आमची श्रद्धा आहे. इथल्या वह्याही तितक्या नाही तरी थोड्याफार त्यासारख्या असाव्यात, एवढे आपण पाहावे.